वारा नसताना मी फिरले

मी एक जुनी, घरी बनवलेली पवनचक्की आहे. मित्रांनो, माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा करू नका. माझा राग अजून गेलेला नाही.

मला ताईने बनवले. जळालेल्या विजेच्या मोटारींची तार पुन्हा गुंडाळून देणे हा तिचा धंदा. भंगारातल्या एका मोटारीचे तिने माझे पोट केले, आणि पाण्याचा जाड पाइप उभा चिरून तीन पाती. एक पाते जरा जड निघाले, तर बाईने तिन्ही पुन्हा कानशीने घासली. हा सगळा खटाटोप बाबांसाठी होता. बाबांना दमा. वीज गेली की त्यांचे वाफेचे मशीन बंद पडे आणि त्यांचा जीव कासावीस होई. मी गच्चीवर फिरून बॅटरी भरायची आणि तिच्यावर ते मशीन चालायचे. दोन वर्षे मी एकदाही दगा दिला नाही.

मग भाऊजी, म्हणजे ताईच्या थोरल्या बहिणीचे यजमान, चार पाहुणे घेऊन आले. ताई कामावर होती.

"ही फिरत का नाही?" त्यांनी विचारले.

"वारा पडलाय," बाबा म्हणाले.

भाऊजींना ते कुठले पटायला! त्यांनी माझा तारांचा डबा उघडला. आत नखाएवढा डायोड होता. तो माझी वीज बॅटरीकडे जाऊ देई, पण बॅटरीतली माझ्याकडे परत येऊ देत नसे. भाऊजींना ती अडगळ वाटली. त्यांनी तो उपटला आणि तारा थेट जोडल्या.

मी गरगर फिरू लागले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बाबांनीसुद्धा. अहो, समोरच्या झाडाचे पान हलत नव्हते! मी वीज बनवत नव्हते, बाबांसाठी साठवलेली वीज पीत होते. मला ओरडता आले असते तर गच्ची दणाणली असती.

ताई परतली तोवर बॅटरी रिकामी होऊन मी थांबले होते. संध्याकाळी वीज गेली. बाबांनी मशीनचे बटण दाबले, पुन्हा दाबले. ताईने त्यांना दवाखान्यात पोहोचवले तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. थोडक्यात वाचले.

"भंगारावर कसला विश्वास ठेवतेस?" भाऊजी म्हणाले. तेच म्हणाले!

"माझंच चुकलं," ताई म्हणाली. तिने मला उतरवून जिन्याखाली टाकले. चार महिने मी गंजत पडले. त्याहून जास्त मला तिचे ते वाक्य खात होते.

एकदा बाबा सहज म्हणाले, "पोरी, त्या दिवशी मात्र कमाल होती. वारा नाही, तरी पळत होती. आम्ही टाळ्या वाजवल्या."

ताईने विचारले, "वारा नव्हता?" ती धावत जिन्याखाली आली आणि तिने डबा उघडला. डायोडची रिकामी जागा पाहून ती तिथेच बसली आणि रडली. मग तिने नवा डायोड जोडला.

आता मी परत गच्चीवर आहे. वारा नसला की गप्प उभी असते. मित्रांनो, जे तुम्ही बनवले नाही, त्यातले काही काढण्याआधी बनवणाऱ्याला विचारा. आणि माझ्यासाठी टाळ्या वाजवण्याआधी समोरच्या झाडाकडे एकदा बघा.