सारसांकडे बोट दाखवणारा फलक

मी तलावाच्या पाळेवरचा लाकडी फलक बोलतोय. अजून उभा आहे, पण ताठ मानेने नाही.

जन्म म्हणाल तर मी एका जुन्या सागवानी दाराची फळी. अल्काने मला घासलं, हिरवा रंग दिला आणि पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, ‘काठाकाठाने फेरी, अर्धा तास’. अल्का गावात पाहुण्यांसाठी तीन खोल्या चालवते. तिथून गाडीने दहा मिनिटांत माणसं माझ्यापाशी येतात, चप्पल बरी की बूट यावर वाद घालतात आणि पाळेवरून चालू लागतात. डावीकडे पाणी, कमळं, शिंगाड्याचे वेल. उजवीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरं. परतताना म्हणतात, "आमच्याकडे असं काही नाही हो." जणू तलाव मीच खोदला, असा मी फुगायचो.

माझ्याकडे मात्र कोणी बघत नसे. ते मला लागायचं, खोटं कशाला बोलू?

गेल्या पावसाळ्यात सुमित्राबाईंच्या बांधीत सारसांच्या जोडीने घरटं केलं. दोन अंडी होती. सुमित्राबाईंनी त्या कोपऱ्यातलं निंदण सोडूनच दिलं. धान गवताने दबला तरी चालेल, म्हणाल्या. रोज लांबूनच बघायच्या आणि मला टेकून दम खायच्या. अल्काला त्यांनीच कौतुकाने सांगितलं, "महिनाभर बसते म्हणतेत. वीस दिवस झाले. आता निंगतीन पिल्लं."

अल्काच्या मनातही पाप नव्हतं. तिने ब्रश आणला आणि माझ्या पोटावर लिहिलं, ‘सारसाचं घरटं’. खाली बाण. रंग वाळायच्या आत एका पाहुण्याने माझा फोटो काढला. मला आभाळ ठेंगणं झालं.

पंधरा ऑगस्टच्या सुट्टीत पाच गाड्या आल्या. माणसं पाळ सोडून बांधावर उतरली, बांधावरून चिखलात. जो तो म्हणत होता, आणखी थोडं जवळ. सारस उठले, ओरडले, दूर जाऊन उभे राहिले. माणसं दोन तास हलली नाहीत. ती गेली, आणि सारस परतायच्या आत कावळे उतरले. मला सगळं दिसत होतं. थांबा म्हणायला मला तोंड नव्हतं, आणि हात होता तो तिकडेच रोखलेला.

संध्याकाळी घरट्यात टरफलं उरली होती. जोडी दोन दिवस तिथेच घुटमळली, मग उडून गेली.

तिसऱ्या दिवशी अल्का माझ्यावरची ती घरट्याची ओळ पुसायला आली. सुमित्राबाई समोरून येताना दिसल्या तशी तिला रडूच कोसळलं. "काकी, चुकलं माझं."

"तुले सांगणारी मीच नं वो," सुमित्राबाई म्हणाल्या. "आता कोणाले बोलू?"

मग त्यांनी लुगड्याचा काष्टा आवळला, बांधीत उतरल्या आणि इतके दिवस जपलेला तो कोपरा निंदू लागल्या. अल्काही मागोमाग उतरली. माझ्याकडे दोघींची पाठ होती. त्यांनी मला दोन शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

खालची ओळ अल्काने नंतर खरवडून काढली. तुम्ही या, काठाकाठाने चाला, पाणी बघा. पण ती जोडी कधी परत आलीच, तर कुठे आहे ते मला विचारू नका. मी सांगून टाकेन. माझा स्वभाव मला कळून चुकलाय.