दोन ओरखडे

गुन्वोरच्या हाताखालून तीस वर्षांत शेकडो जुन्या गिटारी गेल्या. मोडकी आणायची, माणसात आणायची, विकायची. गिटार आधी कुणाची होती हे ती विचारत नसे. मान हातात धरली की मालक कळतो, असं तिचं म्हणणं. कोण तार जोरात दाबायचा, कुणाला आयुष्यभर तीनच सूर आले, लाकूड सगळ्यांची चुगली करतं.

ही गिटार तिने बंदरावरच्या मिशनच्या जुन्या बाजारातून उचलली, लोकांनी दान दिलेलं सामान तिथे विकतात. खुंट्या सैल, मानेवरचे धातूचे पडदे झिजलेले, बाकी ठणठणीत. आतल्या चिठ्ठीवर कारखान्याने साल लिहिलं होतं, १९९३. मग मानेच्या वरच्या कडेला, तिसऱ्या पडद्यापाशी, तिचं बोट अडखळलं. कुणीतरी वर्षानुवर्षं अंगठा वरून आणून जाडी तार दाबली होती. त्या खळग्यात शेजारी शेजारी दोन बारीक ओरखडे होते.

तिच्या भावाच्या, आइलिफच्या, अंगठ्याचं नख लहानपणी गळ घुसून दुभंगलं होतं. त्याच्या गिटारीवर असेच जोडीने ओरखडे उठत. पण आइलिफ १९८६ साली बोटीसकट बुडाला होता, प्रेतही मिळालं नव्हतं. ही गिटार तेव्हा जन्मालाही आली नव्हती.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर आई राहत होती. अडतीस नाताळ म्हातारीने त्याचं ताट मांडलं. गेल्या महिन्यात कुठे गुन्वोरने तिला पटवलं की तो गेला, आता त्याचे कपडे देऊन टाक. कपडे गेले आणि आईला पहिल्यांदा सलग झोप लागायला लागली. ती झोप गुन्वोरने मोठ्या कष्टाने मिळवली होती. आईला हे दिसता कामा नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

तिने पॉलिशपेपरने कड घासून सपाट केली, नवे पडदे ठोकले, नव्या तारा चढवल्या. शनिवारी शाळेतले मास्तर गिटार न्यायला येणार होते.

शुक्रवारी सकाळी तिने दुकान उघडलं तर ओरखडे परत आले होते. नव्या तारा गंजल्या होत्या, त्याही सगळ्या नव्हेत, बोटं पडतात तेवढ्याच जागी. तिने तारेवरून बोट फिरवून जिभेला लावलं. खारट लागलं.

ती घाबरली, आणि घाबरलं की तिचे हात आणखी जोरात चालतात. कड पुन्हा घासत असतानाच आई वॅफलची बशी घेऊन खाली आली. तिने बशी ठेवली, गिटारीची मान चाचपली, आणि अंगठा बरोबर त्या जागी थांबवला.

"कुठून आणलीस?"

"मिशनच्या बाजारातून."

"म्हणजे त्याचे कपडे दिले तिथूनच."

गुन्वोर म्हणाली, असे ओरखडे कुणाचेही असतात.

"मला नको शिकवू," आई म्हणाली. "तू म्हणालीस म्हणून मी त्याचं सगळं घराबाहेर काढलं. मला झोप लागते, खरंय. त्याला लागत नाही, ते दिसतंय ना? आणि तू कागद घेऊन त्याला पुसत बसलीयेस."

आई वर गेली. बशी तशीच राहिली.

गुन्वोरला भावाची फार आठवण आली, आणि स्वतःची लाजही वाटली. त्याला मेलेला म्हणायची घाई तिलाच झाली होती. तिने मास्तरांना फोन करून गिटार विकली गेली म्हणून सांगितलं. मग तारा बदलल्या आणि त्या जिच्यावर टेकतात ती घोडी घासून तारा पडद्यांच्या अगदी जवळ आणल्या. उंच तारा आइलिफला कधीच झेपल्या नाहीत.

शनिवारी सकाळी ती खाली आली. ओरखडे होते तिथेच होते, थोडे खोल. तारा गंजल्या होत्या. तिने मान हातात घेतली. ती ओली होती, आणि कुणी आत्ताच खाली ठेवावी तशी उबदार.

गुन्वोरने ती पुसली नाही. खण उघडून तारांचं नवं पाकीट काढलं आणि कामाला बसली.