अप्पांचा ओटा

संगमेश्वर पोकलेनच्या पुढ्यात मांडी घालून बसला, तेव्हा ड्रायव्हरने मशीन बंद केलं आणि काठावर जमलेल्या माणसांकडे पाहिलं. ही भानगड आता कोण निस्तरणार, एवढंच त्याच्या चेहऱ्यावर होतं.

रेणापूर तालुक्यातलं ते गाव उन्हाळाभर आपल्या नदीतला गाळ उपसत होतं. नदी मोकळी करायला कुणाचीच ना नव्हती, फक्त प्रत्येकाला शेजाऱ्याचं अतिक्रमण आधी दिसत होतं. तरी एकेकाने आपापला भराव काढू दिला. राहिला होता संगमेश्वरचा. त्याच्या रानापाशी मुरूम-मातीने निम्मं पात्र बुजलं होतं आणि त्या भरावावर त्याच्या वडिलांच्या समाधीचा ओटा होता. लिंगायत घरातला माणूस गेला की त्याला आपल्याच रानात मातीत बसवतात. वर ओटा, ओट्यावर लिंग. त्याला हात लावायची कुणाची छाती होत नव्हती.

सरपंच भागवत पाटलांनी परोपरीने समजावलं. समाधी वरच्या अंगाला हलवू, जंगमाला बोलावून रीतसर विधी करू, असं सारं सांगून झालं. संगमेश्वर एकच म्हणत होता, खोदायचं नाही. मेलेल्या बापाच्या आडून जमीन राखतोय, असं कुणीतरी त्याला ऐकू जाईल इतपत बोललंही. त्याने मान वर केली नाही.

खोदलं तर खाली काहीच निघणार नव्हतं. दुष्काळ सरल्यावर आलेल्या पुरात काठ खचला, ओटा वाहून गेला आणि त्याखाली बसवलेले अप्पाही. त्याने ट्रॅक्टरने माती आणून टाकली, ओटा पुन्हा बांधला आणि आईला सांगितलं, नुसता वरचा भाग ढासळला होता. तेव्हापासून सिद्धम्मा दर सोमवारी तिथे बेल वाहत होती. रिकाम्या मातीपुढे ती वाकली की तो नजर वळवायचा. पण आता या वयात तिला ते कळावं, हे त्याला सहन होणार नव्हतं.

माणसं बाजूला सरली. सिद्धम्मा आली होती.

"ऊठ रं बाबा. खोदू दे त्यास्नी."

"अव्वा, तू घरी जा."

ती गुडघ्यांवर हात टेकत त्याच्याजवळ बसली. आवाज तिने त्याच्यापुरताच ठेवला.

"पूर उतरला त्या सकाळी तुझ्या आधी मी आलते हितं. काठच न्हवता."

संगमेश्वर तिच्याकडे बघत राहिला.

"मग बोलली का न्हाईस?"

"तू उन्हातान्हात माती आणत हुतास माझ्यासाठी. काय बोलू?"

त्याला रडू आवरेना. गावासमोर रडायची लाजही त्याला वाटली नाही. सिद्धम्माने पदराने त्याचं तोंड पुसलं.

"तुझे अप्पा नदीत हायत. नदीच बुजली, तर त्यांना भेटाया मी कुठं जाऊ?"

संगमेश्वर उठला. ओट्याच्या विटा आपण हातानेच काढू, मग मशीन लावा, असं त्याने ड्रायव्हरला सांगितलं. भागवत पाटील मदतीला पुढे झाले, पण त्याने त्यांना थांबवलं.

सिद्धम्माने आधी लिंग उचलून पदरात घेतलं. मग एका हाताने तीही विटा काढू लागली.