पाच गोळ्यांवरची फरशी

मी बसवलेल्या फरशीवर एकदा हत्ती घसरून पडला. सुळा मोडला त्याचा, फरशीला ओरखडाही नाही. चाळीस वर्षं ही गोष्ट सांगतोय, आणि दरवेळी हत्ती वीतभर वाढतो. आजची गोष्ट मात्र एका पातेल्याची आहे. ती सांगताना मान वर होत नाही.

लेकीच्या स्वयंपाकघराची फरशी मीच बसवली. सिमेंटचा माल सगळीकडे सारखा पसरायचा, दातेरी थापीने रेघा ओढायच्या, फरशीच्या पाठीलाही पातळ हात द्यायचा, मग ठोकून बसवायची. खाली पोकळी राहिली की फरशी आज ना उद्या तडकणारच. हे मी कितीजणांना दरडावून शिकवलंय! पण त्या दिवशी दारात शेजारी जमले होते, हत्ती ऐकायला. शेवटच्या रांगेला मी घाई केली. चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक, असे मालाचे गोळे ठेवले, वरून फरशी दाबली आणि उठलो.

तीन महिन्यांत त्याच रांगेतली, ओट्यापुढची फरशी तडकली. आदल्याच दिवशी विहीणबाईंच्या हातून तिथे पातेलं पडलं होतं.

"बाबा, पातेल्याने फुटते का हो फरशी?" लेकीने विचारलं.

"कोपऱ्यावर नेमका घाव बसला तर फुटते गं," मी म्हणालो. खाली मान घालून.

विहीणबाई त्यानंतर रिकामं पातेलंही दोन्ही हातांनी उचलू लागल्या. मग लेकच म्हणू लागली, "राहू द्या आई, तुम्ही बाहेर बसा." आयुष्यभर चूल सांभाळलेली बाई उंबऱ्याबाहेर स्टुलावर येऊन बसली.

फरशी बदलायला गेलो तेव्हाही तिथेच होत्या.

"व्याहीबुवा, या खेपेला हत्तीवाली बसवा. म्हणजे मला आत घेतील."

मी फुटकी फरशी उचलली. खाली पाच वाळके गोळे, मध्ये नुसती पोकळी, तिच्यात मुंग्यांचा संसार. विहीणबाई वाकून बघत होत्या.

"खाली असंच असतं का हो?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. जिभेवर एक झकास थापही तयार होती.

"नाही," मी म्हणालो आणि लेकीला हाक मारली. तिच्यासमोर हातोडीच्या दांड्याने ती रांग ठोकत गेलो. उरलेल्या सातही फरशा पोकळ, ढब् ढब् वाजल्या. "पातेल्याचा दोष नाही गं. मी कामात चोरी केली, आणि आळ यांच्यावर येऊ दिला."

लेक माझ्याकडे बघेना. सासूकडेही बघेना.

रांग पुन्हा बसवली, भरगच्च मालावर. दोन दिवसांनी विहीणबाई आत आल्या, पातेलं एका हाताने उचललं, माझ्याकडे बघितलं आणि दिलं सोडून. ठण्ण!

मी डोळे मिटून घेतले होते.

"उघडा," त्या म्हणाल्या. "शाबूत आहे. आता तो हत्ती जरा लहान करा."