बावीस राजीनामे, कवेलू गल्ली

राज्यांची वाटणी झाली तेव्हा मराठवाडा मुंबईकडे गेला, कानडी जिल्हे म्हैसूरकडे गेले आणि काचीगुडा स्टेशनामागची आमची कवेलू गल्ली होती तिथेच राहिली. आहे तिथे राहायला काही करावं लागत नाही, अशी तोवर आमची समजूत होती.

मग कर्नूलची राजधानी उठून हैदराबादला आली. राजधानीबरोबर फायली आल्या, फायलींमागून अधिकारी, अधिकाऱ्यांमागून त्यांची कुटुंबं आणि कुटुंबांमागून लोणच्याच्या बरण्या. हे सगळं ठेवायला जागा लागणारच. शहरसुधारणेच्या कचेरीत कोणीतरी नकाशावरून बोट फिरवलं आणि ते आमच्यावर येऊन थांबलं. तेवीस घरं, मातीच्या भिंती, वर कवेलू, स्टेशन चालत पाच मिनिटं. नकाशात जागा फार छान दिसत असावी, कारण नकाशात आम्ही दिसत नव्हतो. योजना अशी होती की गल्ली पाडून तिथे अधिकाऱ्यांचे दुमजली बंगले बांधायचे आणि आम्हाला तारनाक्याच्याही पलीकडे मोकळ्या हवेत नेऊन सोडायचं. त्या कागदात हवेचा उल्लेख तीनदा होता. नळाचा एकदाही नव्हता.

सगळ्यात जास्त धसका घेतला भागूबाईने. परभणीकडच्या शेतकरी घरातली ही बाई नवऱ्यामागे रेल्वेच्या माणसांना दुपारचं जेवण घालून उभी राहिलेली. तिच्याकडे घड्याळ नव्हतं. बाराची गाडी बाहेरच्या सिग्नलला शिट्टी द्यायची, की भागूबाई पहिली भाकरी तव्यावर टाकायची. गाडी फलाटाला लागून माणसं हात धुऊन येईपर्यंत चळत तयार. एवढ्यावर तिचं सगळं आयुष्य बेतलेलं होतं.

"तारनाक्याच्या पल्याड कोणती शिट्टी ऐकू येते?" तिने विचारलं.

"तिकडे पाखरं आहेत म्हणतात," मी म्हणालो.

"पाखरं जेवायला येतात का?"

तेव्हा समिती काढायचं ठरलं. अध्यक्ष कोण यावर वाद झाला नाही. गल्लीत हातांची खुर्ची एकट्या हणमंतरावांकडे होती. हणमंतराव शाळेतून निवृत्त झालेले आणि मुंबईचं मराठी वर्तमानपत्र टपालाने मागवणारे. ते दोन दिवस शिळं यायचं, त्यामुळे हणमंतराव दर गोष्टीवर दोन दिवस उशिरा संतापायचे. कापडाच्या दुकानात लिहिणं करणारे केशवराव चिटणीस झाले. यावर बाकीची घरं रुसली. मग कोणी रुसू नये म्हणून घरटी एक पद काढलं. भागूबाई नळ-चिटणीस झाली. मोरी-चिटणीस झाला, कडुनिंब-चिटणीस झाला. माझ्याकडे शाई आली.

रेल्वेतला पॉइंट्समन भिवाजी आदल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला होता. त्याला हणमंतराव म्हणाले, "भिवाजी, देऊळ-चिटणीस तेवढं राहिलंय."

"मास्तर, ते सोडून तर आलो. दिवे द्या."

"गल्लीत दिवा एकच आहे, तोही लागत नाही."

"मग काम सोपं हाय."

राहिले एकनाथराव. दिवाणी अदालतीत तीस वर्षं अहलकारी, म्हणजे कारकुनी, केलेला माणूस. कचेरीतली उर्दू, बाजारातली तेलुगू, सगळं त्यांना येत होतं. त्यांना सल्लागार केलं. आमच्यात सल्लागाराला कोणी काही विचारत नाही. तो मानाचा भाग असतो. ते जरा खट्टू झाले आणि जामबागेत लेकीच्या बाळंतपणाला निघून गेले.

ते गेले आणि चौथ्या दिवशी कचेरीचा चपराशी सायकलवरून आला.

"साब बोले, हर घर का राजीनामा होना," तो म्हणाला. "पंद्रा दिन में."

"हर घरचा?" हणमंतरावांनी विचारलं.

"हौ. एक भी घर छूटना नक्को."

तो पाणी पिऊन गेला. हणमंतराव खुर्चीत ताठ बसले.

"ऐकलंत? समिती मोडायला निघालेत. आपण पदाधिकारी झालो हे त्यांना खुपलंय."

"पण हर घरचा का मागतात?" केशवरावांनी शंका काढली.

"कारण हर घरी पदाधिकारी आहे, केशवराव. सरकारकडे बारीकसारीक माहिती असते."

हे आम्हाला पटलं. आमच्या समितीची एवढ्या वरपर्यंत दखल घेतली गेली, याचा थोडा आनंदही झाला. राजीनामा द्यायचा की नाही यावर मात्र दोन सभा झाल्या. शेवटी हणमंतरावांनी वर्तमानपत्र उघडून दाखवलं. मुंबईकडे त्या वर्षी जो तो राजीनामा देत होता आणि राजीनामा दिला की फोटो छापून येत होता.

"एकाने दिला तर ती नाराजी," ते म्हणाले, "सगळ्यांनी दिला तर ते आंदोलन. द्या सगळ्यांनी. हादरतील."

मग आठवडाभर गल्ली राजीनामे लिहीत होती. सही करून मोकळं व्हावं, तर तसं नाही. पद मिळून जेमतेम पंधरवडा झालेला, अजून पुरतं मिरवून झालेलं नव्हतं. त्यामुळे जाता जाता जो तो मन मोकळं करत होता. मी काय केलं, काय करणार होतो, माझ्यामागे येणाऱ्याने काय करावं. ज्यांना लिहिता येत नव्हतं ते केशवरावांना सांगत होते. मी शाई पुरवता पुरवता थकलो. हणमंतरावांचा राजीनामा चार पानांचा झाला; त्यात साडेतीन पानं ते स्वतः होते.

बावीस राजीनामे घेऊन आम्ही मिरवणुकीने कचेरीत गेलो. पुढे हणमंतराव, मागे आम्ही, सगळ्यांच्या चेहऱ्यावर त्यागाचं तेज. कचेरीचे मुंतजिम, म्हणजे तिथले मोठे कारकून, उठून उभे राहिले. त्यांनी कागद मोजले, पुन्हा मोजले, आणि आम्हाला चहा मागवला. बरोबर उस्मानिया बिस्कीट.

"कमाल के लोगां है आप," ते म्हणाले. "इत्ते सीधे लोगां हम नै देखे."

परत येताना भागूबाई म्हणाली, "हणमंतराव, हादरलेला माणूस बिस्कीट देतो का?"

हणमंतराव म्हणाले, "आतून हादरलेत."

दोन दिवसांनी एकनाथराव जामबागेतून आले. नातू झाला म्हणून पेढे वाटत होते. भागूबाईच्या दारात पेढा देताना त्यांनी सहज विचारलं, "मी नव्हतो तर गल्लीत काही घडलं का?"

"काही नाही. सगळ्यांनी राजीनामे दिले."

एकनाथरावांच्या हातातला पेढा हातात राहिला.

"कोणाला?"

"सुधारणेच्या कचेरीत. त्यांनी मागितले, आपण दिले."

एकनाथराव तिथेच ओट्यावर बसले. थोड्या वेळाने आम्ही सगळे जमलो, तेव्हाही ते बसलेलेच होते.

"हणमंतराव," ते फार हळू म्हणाले, "तुमच्या वर्तमानपत्रात राजीनामा म्हणजे पद सोडणं. कचेरीच्या उर्दूत त्याला इस्तिफा म्हणतात. राजीनामा म्हणजे राजी असल्याचा कागद. संमती. मी तीस वर्षं अदालतीत तेच लिहिले. योजनेत कलम आहे. चारातल्या तीन घरांनी राजीनामा दिला तर गल्ली पाडायची. नाही दिला तर रहिवाशांनी आपल्या गरजा लिहून द्यायच्या आणि आहे त्याच जागी सुधारणा करायची. तुम्ही बावीस घरं देऊन आलात. वर चहा पिऊन."

हणमंतरावांना या वेळी संताप दोन दिवस उशिरा नव्हे, वेळेवर आला, पण तो कोणावर काढावा हे कळेना.

"आम्हाला आधी का नाही सांगितलं?" केशवराव म्हणाले.

"मी सल्लागार आहे. मला विचारलं कोणी?"

भागूबाई आत गेली. बाराची शिट्टी झाली, भाकरी टाकल्याचा आवाज आला. नेहमीसारखाच. फक्त त्या दिवशी तिने एकाही भाकरीला बोलणी दिली नाहीत, एरवी प्रत्येकीला देते. जेवायला आलेला भिवाजी म्हणाला, "मावशी, आज भाकरी अळणी लागते."

"मीठ बरोबर आहे," ती आतून म्हणाली. "मोजून दिवस राहिलेत, त्याची चव असंल."

ते ऐकून एकनाथराव ओट्यावरून उठले. "समितीत आता पदावर कोण आहे?" त्यांनी विचारलं.

आम्ही विचार केला. बाकी सगळ्यांनी राजीनामे दिले होते. उरले होते एकटे सल्लागार.

"मग ठराव मांडतो," एकनाथराव म्हणाले, "की अधिकाऱ्यांनी जागेवर येऊन कागद वाचून बघावेत. मंजूर." समितीचं कामकाज इतकं सुरळीत आधी कधीच झालं नव्हतं.

अर्ज गेला. आठव्या दिवशी, दुपारच्या जरा आधी, अधिकारी आले. सुब्बारायुडू नावाचे, कर्नूलहून नुकतेच आलेले, घामाने थकलेले गृहस्थ. राजधानीबरोबर ते स्वतःही हलवले गेले होते आणि अजून त्यांची एक पेटी सापडत नव्हती. सोबत मुंतजिम, काखेत आमची फाईल. भागूबाईच्या ओट्यावर अध्यक्षांची खुर्ची ठेवली. हणमंतरावांनी ती स्वतः उचलून आणली; माणूस किती खचला होता ते यावरून कळावं.

मुंतजिम म्हणाले, "साहब, मामला साफ है. तेईस में से बाईस राजीनामे."

सुब्बारायुडू चमकले. "बावीस जणांनी? कशाचा?"

"मकानां का, साहब."

"घराचा राजीनामा कसा देतात?"

एकनाथराव पुढे झाले आणि तेलुगूत काहीतरी म्हणाले. मागून आम्हाला त्यांनी सांगितलं त्यावरून कळलं की तेलुगूतही राजीनामा म्हणजे पद सोडणं. मराठी आणि तेलुगू या बाबतीत एका बाजूला होत्या. मुंतजिम एकटे पडले.

"लुगत देखिए साहब," ते उर्दू कोशाचा हवाला देत म्हणाले, "राजीनामा याने रजामंदी."

"कागदात काय लिहिलंय ते वाचा," साहेब म्हणाले.

मराठी मुंतजिमांना वाचता येत नव्हतं. त्यांनी फाईल लावली होती ती वरचा एक शब्द ऐकून. मग केशवराव वाचू लागले आणि एकनाथराव ओळीओळीला तेलुगू करू लागले.

पहिला कागद भागूबाईचा निघाला. "मी भागूबाई, नळ-चिटणीस, पद सोडते. नळ येतो तेव्हा माझे हात पिठात असतात, म्हणून काम नीट झालं नाही. माझ्यामागे जो येईल त्याने दुसरा नळ गल्लीच्या तोंडाशी मागावा, खालच्या बायांची कंबर वाचेल. रस्ता रुंद करायचा तर माझी पुढची भिंत दोन हात मागे घ्या, माझी ना नाही. चूल हलवू नका. शिट्टी ऐकू आली नाही तर भाकरी कधी टाकायची ते मला कळणार नाही."

साहेबांनी कागद हातात घेतला, न वाचता येणाऱ्या अक्षरांकडे बघितलं आणि म्हणाले, "पुढचा."

भिवाजीने गल्ली पावलांनी मोजली होती. तीन दिवे कुठे, कुठल्या घरापासून किती पावलांवर, आणि शेवटच्या दिव्याचा उजेड सिग्नलच्या तोंडावर पडू नये म्हणून खांब कुठल्या अंगाला, सगळं लिहिलेलं. मोरी-चिटणिसाने मोरीचा उतार दिला होता आणि तो उलटा कोणी बांधला त्याचं नावही. कडुनिंब-चिटणिसाने झाड तोडणाऱ्याला शाप दिला होता आणि कंसात रस्ता झाडाच्या डाव्या बाजूने कसा नेता येईल ते. हणमंतरावांच्या चार पानांतही एकनाथरावांना एक वाक्य कामाचं सापडलं: घरं पाडल्याशिवाय मजला चढवता येईल अशी सात घरं आहेत, त्यांत येणाऱ्या मंडळींना भाड्याने ठेवता येईल, शेजारी म्हणून.

मध्येच बाहेरच्या सिग्नलला शिट्टी झाली. भागूबाई उठून आत गेली. तव्यावर भाकरी पडली. दहा मिनिटांत फलाटाकडून माणसं यायला लागली, ओट्यावर साहेबाला बघून बिचकली, मग भूक मोठी असल्यामुळे बाजूने आत गेली. सुब्बारायुडूंनी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं, मग चुलीकडे.

"बारा वाजून चार मिनिटं," ते म्हणाले. "माझ्या कचेरीत एवढं वेळेवर काही होत नाही."

मग मुंतजिमांकडे वळले. "कलमात गरजांचा अहवाल म्हटलंय. तो आपण यांच्याकडून मागवला होता?"

"साहब, वक्त नै मिला."

"यांनी केलाय. बावीस भाग आहेत." त्यांनी फाईल मांडीवर घेतली आणि पहिल्याच पानावर लिहिलं: राजीनामे नामंजूर. खाली सही, आणि खाली आणखी एक ओळ: जागेवरच सुधारणा, सोबतच्या कागदांप्रमाणे.

एकनाथरावांनी अदब राखून विचारलं, "साहेब, नामंजूर म्हणजे उर्दूतले की तेलुगूतले?"

"दोन्ही," सुब्बारायुडू म्हणाले. "घरंही सोडायची नाहीत आणि पदंही. दिवे कोण बघणार मग?"

तेवढ्यात आतून भागूबाई म्हणाली, "एकनाथराव, साहेबांना इचारा, ज्वारीची चालते का."

चालली. तीन चालल्या. मुंतजिमांना दोन. बिस्किटाची परतफेड झाली. भागूबाईने तिसऱ्या भाकरीला, नीट फुगली नाही म्हणून, मोठ्याने बोलणी दिली तेव्हा भिवाजी म्हणाला, "आता चव आली."

पावसाळ्याआधी दुसरा नळ आला, गल्लीच्या तोंडाशी. भागूबाईची पुढची भिंत दोन हात मागे गेली. ओटा लहान झाला, जेवणारे तेवढेच राहिले, फक्त जास्त दाटीने बसू लागले. दिवे तीन आले, भिवाजीने मोजलेल्या पावलांवर. हणमंतरावांच्या घरावर मजला चढला आणि त्यात कर्नूलचं एक कुटुंब राहायला आलं, बरण्यांसकट. त्या बाईला आम्ही लगेच पद दिलं. लोणचे-चिटणीस.

दोन नळ सांभाळून भागूबाई मात्र कातावली. वर्षभराने ती हणमंतरावांकडे गेली आणि म्हणाली, "मला आता खरंच सोडायचंय हे पद. लिहून देते."

हणमंतरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "काय लिहून देतेस, तो शब्द तोंडातून काढू नको."

"मग काय म्हणू?"

ती दोघं एकनाथरावांकडे गेली. आता काहीही असलं की आम्ही सल्लागाराकडे जात होतो. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "इस्तिफा म्हण. पण तोही नामंजूर आहे."