कुंडीत पुरलेला संत जोसेफ

स्वतःच्याच घराच्या दारात आसुंताला कुणीतरी "या ना आजी, तेवढे बूट पुसून या हं" म्हणालं, तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

म्हणणारी होती ब्रुक, घर विकून देणारी दलाल. तिचं सगळं बोलणं आसुंताच्या मुलाशी, कार्माइनशी झालेलं. म्हातारीला तिनं पाहिलंच नव्हतं, आणि भिंतीवरचे फोटो कार्माइननं आदल्या दिवशी खोक्यात भरून नेलेले. मग ओळखणार कशी? बॉस्टनच्या नॉर्थ एंड या इटालियन वस्तीतला, तिसऱ्या मजल्यावरचा हा दोन बेडरूमचा फ्लॅट रविवारी गिऱ्हाइकांना दाखवायचा आणि तोवर आईनं चर्चमध्ये बसायचं, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. दलालाच्या कागदावर आसुंतानं गुडघे ठणकत असताना सही दिली होती खरी, पण विक्रीची सही अजून बाकी होती. ती तिचीच लागणार होती.

चर्चमधून मध्येच उठून आलेली ती मुकाट्यानं गिऱ्हाईक होऊन आत शिरली.

रविवारी या वेळी शेगडीवर टोमॅटोचा रस्सा रटरटत असायचा. आज तिथं व्हॅनिलाच्या वासाची मेणबत्ती जळत होती. टेबलावर लिंबांचा हा ढीग! एवढी लिंबं काय चाटायची?

"ही चर्चची घंटा रोज वाजते?" एका तरुण जोडप्यानं विचारलं.

"त्याबद्दल बोलणं चाललंय," ब्रुक गोड हसून म्हणाली.

"कोणाशी? देवाशी?" आसुंता म्हणाली.

ब्रुकनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "मालकीणबाई फार थकल्यात हो. कधी एकदा इथून सुटते, असं झालंय त्यांना."

"त्या म्हणाल्या असं?"

"मुलगा म्हणाला. बिचारा रोज येऊन आईचं बघतो."

रोज! काल फोटो न्यायला चढला, तो नाताळानंतर पहिल्यांदा. एरवी खाली गाडीत बसून हॉर्न वाजवायचा, आणि सामानाच्या पिशव्या घ्यायला हिनं कठड्याला धरून उतरायचं. आसुंताच्या डोक्यात अशी तिडीक गेली की ती वाऱ्यासाठी खिडकीशी गेली.

खिडकीबाहेरच्या लोखंडी जिन्यावर तिची बॅझिलची, इटालियन तुळशीची, कुंडी होती. रोपं माना टाकून पडली होती आणि माती कुणीतरी उकरलेली. तिनं बोटं खुपसली. हाताला लाकडाचे दोन पाय लागले. ओढले, तर तिचा संत जोसेफ बाहेर आला.

लोक देव पाण्यात घालून बसतात. या वस्तीत घर खपत नसलं की संत जोसेफाला खाली डोकं वर पाय करून पुरतात. बिचारा सुटकेसाठी धडपडतो आणि घर विकून देतो. मग त्याला काढून, धुऊन नव्या घरी न्यायचं. पण त्यासाठी दुकानात प्लॅस्टिकचा मिळतो! हा तिच्या नवऱ्यानं, नुन्झिओनं, सुतारकाम आटोपल्यावर घरी बसून कोरलेला. लग्नापासून स्वयंपाकघराच्या फळीवर उभा. नुन्झिओ गेला तेव्हा ती याच्याशीच बोलायची. आणि पोटच्या पोरानं त्याच्या नाकातोंडात चिखल कोंबला होता.

"अहो आजी, हात लावू नका कशाला!" ब्रुक धावली.

"आजी नाही, मालकीण! बघून झालं ना घर? निघा सगळे. घर विकायचं नाही."

जोडपं आधी सटकलं. ब्रुकनं कार्माइनला फोन लावला. तो खालच्याच कॉफीच्या दुकानात होता. वर आला तो दाराची चौकट धरून उभाच राहिला.

"आई! विकायच्या आधीच काढलंस त्याला? आता... आता खपायचं नाही घर!"

"नाहीच खपणार."

"अगं, तुझ्या... गुडघ्यांसाठीच..."

"माझ्या गुडघ्यांना मध्ये आणू नकोस. धापा कोण टाकतंय?"

आसुंतानं गळ्यातल्या रुमालानं संताचं तोंड पुसलं, त्याला फळीवर उभं केलं, मेणबत्ती फुंकली आणि शेगडीवर पातेलं चढवलं.

"रश्श्याला बॅझिल लागेल," ती पाठमोरीच म्हणाली. "माझं तू मारलंस. जा, कोपऱ्यावरून घेऊन ये."

तो वळला.

"आणि खालून हॉर्न वाजवू नकोस. वर आणून दे."