कोरा लिव्हर

माहीमच्या वळणावर आपटल्यापासून हितेंद्रला स्वतःच्या बाईकवर बसताना धडकी भरायची. म्हणून तर तो लालबागला, विकासच्या चाळीखाली, बाईकची अदलाबदल करायला आला होता.

"माझी एकदापण आडवी झाली नाय," विकास म्हणाला.

हितेंद्रने विकासच्या बाईकचं हँडल धरलं. सगळी गाडी जुनी, क्लचचा लिव्हर मात्र कोरा करकरीत. गाडी पडली की आधी लिव्हर तुटतो. हितेंद्रने स्वतःचा कालच बदलला होता.

वळून बघतो तर विकासचंही बोट हितेंद्रच्या नव्या लिव्हरवर थांबलेलं.

"तुझी पडली नाय ना रे कधी?"

"छ्या!" म्हणत हितेंद्रने घाईघाईने चावी पुढे केली.